खापर गेमच्या माथी कशाला?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या साहित्य संमेलनांना जाणाऱ्यांना एक वाक्य आता पाठ झालं आहे. कडोली असो, येळ्ळूर असो, उचगाव असो की बेळगुंदी. ग्रंथदिंडी गावातून फिरून मंडपात येते, दीपप्रज्वलन होतं, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन होतं, आणि तिसरा-चौथा वक्ता उठून सांगतो : पोरं दिवसभर मोबाइलवर गेम खेळतात, म्हणून मराठी वाचत नाहीत. आणि मराठी वाचत नाहीत, म्हणून इथली मराठी धोक्यात आहे. टाळ्या पडतात. मागच्या खुर्च्यांवरची कॉलेजची पोरं टाळ्या वाजवत नाहीत. ती मान खाली घालून फोनकडे बघत असतात. वक्त्याला वाटतं, आपलं म्हणणं जागेवरच सिद्ध झालं.

हे म्हणणं मला मान्य नाही. त्यामागची काळजी खरी आहे, पण निदान चुकलेलं आहे. आणि चुकलेल्या निदानावर वर्षानुवर्षं टाळ्या पडत राहिल्या की रोग बळावतो. सगळ्या गेमची वकिली मी करणार नाही. माझं वकीलपत्र एकाच जातीच्या गेमपुरतं आहे : रोल-प्लेइंग गेम, खेळणाऱ्यांच्या बोलीत आरपीजी. व्यासपीठावरच्या त्या वाक्यात तीन गृहीतकं दडलेली आहेत. सगळे गेम सारखेच. गेम खेळणं म्हणजे वाचन सोडणं. आणि हा सगळा परक्यांचा कारभार, त्यात मराठीचं काय काम? तिन्ही एकेक करून तपासू.

पहिलं गृहीतक. २०१९ च्या सप्टेंबरात बेळगाव तालुक्यात पबजीच्या वेडातून घरातल्या घरात हत्या झाली आणि ती बातमी देशभर गेली. तेव्हापासून गेम म्हटलं की इथल्या आईबापांच्या डोळ्यांपुढे तीच बातमी येते. त्यांना दोष कोण देणार? जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याच वर्षी गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली. पण पुढचंही बघा. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पबजीवर बंदी घातली ती चिनी अ‍ॅपांच्या यादीत, देशाच्या आणि माहितीच्या सुरक्षेचं कारण देऊन. पोरं बिघडतात म्हणून नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, ई-स्पोर्ट्स आणि बाकीचे गेम वेगळ्या खात्यात ठेवले. कायद्याला जो फरक कळतो तो साहित्याच्या व्यासपीठाला कळू नये? मटक्याची चिठ्ठीही कागदच आणि वाचनालयाची पावतीही कागदच, म्हणून दोन्ही जाळून टाका, असं कोणी म्हणत नाही.

आरपीजीचं मूळ कागदातच आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. संगणकावर हाच खेळ 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' या नावांनी १९८१ मध्ये आला, जपानात 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) आणि 'फायनल फँटसी' (१९८७) होऊन घराघरांत गेला. पबजीत शंभर जण उतरतात आणि शेवटी एक उरतो. आरपीजीत तुम्ही एका माणसाच्या अंगात शिरता, आणि तो काय बोलला, कुणाशी खोटं वागला, कुणाला सोडून आला, याचा हिशेब गेम ठेवत जातो.

हा हिशेब म्हणजे काय, ते 'अल्टिमा ४' मध्ये बघावं. तो १९८५ चा. कर्ता रिचर्ड गॅरियट याच्या आधीच्या गेमवर पालकांच्या रागाची पत्रं आली होती. आपल्या व्यासपीठावरची तक्रार तिकडे चाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेली, असं समजा. त्यावर त्यानं असा गेम केला, ज्यात मारायला शेवटचा खलनायकच नाही. करुणा, सचोटी, न्याय, त्याग, नम्रता अशा आठ गुणांत माणूस म्हणून वाढणं एवढंच काम. त्यात जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई आहे. ती माल देते, किंमत सांगते आणि पैसे तुमच्या तुम्ही मोजून द्या म्हणते. कमी दिले तरी ती काही बोलत नाही. बोलणार कशी? तिला दिसतच नाही. गेमही बोलत नाही. पुढे पुष्कळ तास उलटल्यावर सचोटीचा कस लागतो तेव्हा कळतं की, दर वेळी वाचवलेली नाणी कुठंतरी मांडून ठेवलेली होती. मूल्यशिक्षणाच्या तासाला एवढं जमतं का, ते शिक्षकांनीच सांगावं.

आता दुसरं गृहीतक, वाचनाचं. माझ्या आवडीची यादी मागितली तर 'अल्टिमा ४' नंतर मी 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (१९९९), 'द विचर ३' (२०१५), 'अंडरटेल' (२०१५), 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' (२०१८) आणि 'डिस्को इलिझियम' (२०१९) सांगेन. 'टॉर्मेंट'मध्ये सुमारे आठ लाख शब्द आहेत. 'डिस्को इलिझियम'मध्ये दहा लाखांच्या वर. जाड कादंबरी लाख-दीड लाख शब्दांची असते. जो पोरगा 'टॉर्मेंट' तडीस नेतो त्यानं चार-पाच कादंबऱ्यांएवढं वाचन अंगावर घेतलेलं असतं, कारण न वाचता त्या गेममध्ये पाऊल पुढे पडत नाही. मेलं तरी न मरणारा, स्वतःचं नाव विसरलेला एक माणूस आपण आधी कोण होतो हे शोधत हिंडतो, आणि त्याला सापडतं ते मुख्यतः संवादांतून. तलवारीपेक्षा प्रश्न विचारण्यानं तो जास्त पुढे सरकतो. हा गेम २०१७ पासून मोबाइलवरही आहे. म्हणजे ज्या फोनकडे बोट दाखवून आपण बोलतो त्याच फोनवर.

'किंगडम कम' हा चेक लोकांनी केलेला, १४०३ सालच्या बोहेमियातला गेम. जादूटोणा नाही, राक्षस नाहीत. नायक हेन्री एका लोहाराचा मुलगा, निरक्षर. त्याच्या हातात पुस्तक आलं तर पडद्यावर अक्षरांची खिचडी दिसते. शब्द आहेत, अर्थ लागत नाही. मग उझिट्झ गावातल्या लेखनिकाला पैसे द्यायचे, त्याच्याकडे शिकवणी लावायची. तरी खिचडी एका दिवसात सुटत नाही. जसजसं वाचाल तसतशी एकेक ओळ जागेवर येते. वाचता न येण्याची लाज आणि वाचता येऊ लागल्याचा आनंद मी इतक्या जवळून कुठंच अनुभवला नव्हता. बेळगावच्या बसस्टँडवर फक्त कन्नडमधल्या पाटीसमोर उभं राहून "बाळा, ही गाडी कुठली रे?" विचारणाऱ्या चंदगडच्या म्हातारीला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो : हे पळणं आहे. खऱ्या जगाचा ताप नको म्हणून खोट्या जगात शिरणं. तसं असतं तर 'विचर ३' मधला जहागीरदार मला इतके दिवस छळत राहिला नसता. स्वतःला बॅरन म्हणवणारा हा दारूबाज शिपाईगडी बायको-मुलगी हरवल्याचं सांगून तुमच्याकडून शोध करून घेतो. हळूहळू उलगडतं की तो बायकोला मारत असे, त्या मारझोडीत तिचं पोटातलं मूल गेलं आणि ते नीट पुरलंही नाही. ते मूल आता पिशाच होऊन हिंडतं आहे. तुमच्यापुढे दोन वाटा : पिशाचाला तलवारीनं कापा, किंवा बापाला भाग पाडा की त्यानं त्या भेसूर अर्भकाला हातांवर घ्यावं, रात्रीच्या अंधारात घरापर्यंत चालत न्यावं, नाव ठेवावं आणि उंबऱ्याखाली पुरावं. दुसरी वाट धरली की तो चालतो, रडतो, आणि पोराला नाव देतो. त्याचा रागही येत राहतो आणि कीवही येते, दोन्ही एकाच वेळी. घरोघरच्या मारझोडीकडे पाठ फिरवणारा माणूस असली गोष्ट रचत नाही, आणि पळपुटा ती खेळून संपवत नाही.

आरपीजीचं सगळंच मला चांगलं दिसतं असं नाही. २०२० नंतर 'गेनशिन इम्पॅक्ट'च्या वाटेनं आलेल्या कित्येक मोबाइल गेमनी आरपीजीचं नाव लावून सोडतीचा धंदा मांडला आहे : पैसे भरा, चिठ्ठी उघडा, पात्र मिळालं तर नशीब. त्यांना माझ्या यादीत जागा नाही. आणि चांगले आरपीजीही वेळ खातात. 'विचर ३' ची मुख्य कथाच पन्नासेक तास घेते, आणि दहावीच्या पोरानं ते तास परीक्षेच्या महिन्यात काढले तर बापानं कान धरावा. पण हे वेळेचं आणि पैशाचं भांडण झालं. पोरं वाचत नाहीत हा आरोप त्यातून सिद्ध होत नाही. पोरं वाचतात. आपलं दुखणं हे आहे, आणि ते कुणी स्पष्ट म्हणत नाही, की पोरं इंग्रजीत वाचतात, कारण मराठीत हे आपण त्यांना दिलेलंच नाही.

इथं तिसरं गृहीतक उभं राहतं : हे परक्यांचं, यात मराठीनं पडू नये. याला उत्तर म्हणून पोलंडकडे बघा. १९९४ मध्ये वॉर्सात शाळेपासूनच्या दोन दोस्तांनी परदेशी गेमच्या सीडी आणून विकणारी कंपनी काढली, सीडी प्रोजेक्ट. बाजार चोरट्या प्रतींनी भरलेला. लोकांनी अस्सल माल पैसे देऊन का घ्यावा? १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा मोठा इंग्रजी आरपीजी अख्खाच्या अख्खा पोलिशमध्ये आणला, नामवंत नटांचे आवाज घेऊन. लोकांनी रांगा लावल्या. चोरट्या प्रतीला जे देता येत नव्हतं ते या डब्यात होतं : आपली भाषा. भाषांतरावर कमावलेला तो धीर घेऊन हेच लोक पुढे स्वतःचा गेम करायला बसले आणि त्यासाठी त्यांनी आपल्याच भाषेतला लेखक निवडला. आंजेय सापकोव्हस्की यांची पहिली 'विचर' कथा १९८६ मध्ये 'फँटॅस्टिका' या पोलिश मासिकाच्या स्पर्धेसाठी लिहिलेली होती आणि तिला तिसरा क्रमांक मिळाला होता. २००७ मध्ये पहिला 'विचर' आला. २०११ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा वॉर्सात आले तेव्हा पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी भेटीत 'विचर २' दिला. मासिकाच्या स्पर्धेतली तिसऱ्या नंबरची कथा पंचवीस वर्षांत राजभेटीच्या टेबलावर पोचली, ती गेममधून.

पोलिश बोलणारे चार कोटींच्या आसपास. चेक बोलणारे कोटभर. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख. 'विचर ३' च्या भाषांच्या यादीत पोलिश आहे, चेक आहे, हंगेरियन आहे, मराठी नाही. 'डिस्को इलिझियम' करणारी मूळ मंडळी एस्टोनियाची. त्या देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख. एकट्या बेळगाव जिल्ह्याची २०११ मध्येच ४७ लाखांवर होती. कोणी म्हणेल, 'डिस्को' तर इंग्रजीत लिहिला गेला, मग तुमचा दाखला तुमच्यावरच उलटला. उलटत नाही. त्याचा कर्ता रॉबर्ट कुर्विट्स यानं त्या जगाची कादंबरी आधी एस्टोनियनमध्ये लिहिली, २०१३ मध्ये. ती फारशी खपली नाही, पण गेमची माती तिथलीच. आपल्याकडे अडलं आहे ते पहिल्याच पायरीवर : आपली माती कुणी या कामाला काढतच नाही.

आणि माती म्हणाल तर निपाणीसारखी माती कुठं मिळेल? 'डिस्को इलिझियम' एका उतरत्या बंदरगावात घडतो. गोदीतला संप चिघळला आहे, हॉटेलच्या मागे झाडाला एक प्रेत लटकतं आहे, आणि दारूच्या नशेत स्वतःचं नावही विसरलेला पोलीस तपास करतो आहे. हे वाचून निपाणीच्या माणसाला परकं काय वाटावं? १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथला पुणे-बंगळूर महामार्ग तीनेक आठवडे अडवून धरला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. वखारींत तंबाखू चाळणाऱ्या बायकांचा लढा बंगळूरच्या 'युगांतर' या स्त्रीवादी गटानं १९८२ मध्ये 'तंबाकू चाकिला ऊब आली' या माहितीपटात टिपला. महादेव मोरे यांनी निपाणीतच पिठाची गिरणी चालवत ड्रायव्हर, गॅरेजमधले मिस्त्री, बिडी वळणाऱ्या बायका यांना कथा-कादंबऱ्यांत आणलं. पोलंडला सापकोव्हस्की होते. आपल्याला मोरे होते. फरक पडला तो गेम करणाऱ्यांनी आपल्या लेखकाला वाचण्यात.

बिडीचंच बघा, हा धंदाच गेमचे नियम घेऊन बसला आहे. कारखान्याचा माणूस हजार बिड्यांसाठी पान आणि जर्दा मोजून देतो. पान फाटकं निघालं की हजार भरत नाहीत; कमी पडलेलं पान बाईनं पदरचे पैसे घालून आणायचं. बिड्या मोजायला नेल्या की तो छाट काढतो. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही, पण बिडी त्याच्याकडेच राहते. आता ही बाई खेळणाऱ्याच्या हाती द्या. पान कापताना साचा थोडा आत सरकवायचा का? हजार भरतील, पण छाट वाढेल. हुज्जत घालायची का? उद्यापासून पान मिळायचं बंद होईल. शेजारणीला बरोबर घ्यायचं का? तिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला; तिला तोशीस लागली तर ती तुमच्या माथी. की बिडीची तोंडं मोडायला मुलीला शाळेतून काढायचं? 'अल्टिमा ४' मध्ये खेळणारा मोजून देणारा होता आणि समोरचीला दिसत नव्हतं. इथं मोजणारा दुसरा आहे आणि सगळं दिसत असून काही बोलता येत नाही. हा गेम अमेरिकेत कुणाला सुचणार नाही.

सीमाभागाकडे आणखी एक ऐवज आहे, आणि त्याला हात लावायला धैर्य लागेल. निपाणीचा विद्यार्थी कर्नाटकातल्या घरून निघतो आणि गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जाऊन बसतो. ते कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. असा नकाशा मुद्दाम काढूनही जमणार नाही. या नकाशावर एका डावात खेळणारा होईल उतारा मराठीत मागणारा म्हातारा शेतकरी. दुसऱ्या डावात तोच होईल खिडकीपलीकडचा कन्नड कारकून, मंड्याहून बदली होऊन आलेला, मराठीचं अक्षर न कळणारा, आणि मराठीत कागद दिला तर साहेबाचा मेमो खाणारा. पहिल्या डावात खिडकीत आदळलेला राग दुसऱ्या डावात आपल्याच तोंडावर येईल. यानं सीमालढ्याची धार बोथट होईल, असं काहींना वाटेल. मला वाटतं, समोरचा कुठल्या दाबाखाली नाही म्हणतो हे कळलेला माणूस जास्त नेटानं भांडतो. त्याला कारकुनावर ओरडत बसावं लागत नाही, त्याला मेमो काढणारा दिसतो. भाषणाला हे जमत नाही. कादंबरीला जमतं, पण त्यात निर्णय लेखकाचा असतो. इथं तो खेळणाऱ्याचा असतो आणि त्याचं ओझंही त्याच्याच पाठीवर.

आता दोन शब्द मागच्या खुर्च्यांवरच्यांना. मराठीत गेम म्हटलं की तुम्हीही नाकं मुरडता : आपल्याकडे ते बजेट कुठं, ते ग्राफिक्स कुठं? 'अंडरटेल' बघा. टोबी फॉक्स या एका माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेला, संगीतही त्याचंच, चित्रं जुन्या टीव्ही गेमसारखी ठोकळेबाज. त्यात समोर येणाऱ्या प्रत्येक राक्षसाला न मारता, बोलून-समजावून सोडून देता येतं, आणि तुम्ही कुणाकुणाला मारलंत हे गेम विसरत नाही. एवढ्याच कल्पनेवर तो जगभर गेला. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स'नं २०२० मध्ये 'राजी' काढून दाखवला. तो आरपीजी नाही, हाणामारीचा साहसी गेम आहे, पण महाराष्ट्रात बसून जगाच्या बाजारात उतरता येतं एवढं त्यानं सिद्ध केलं. आणि बेळगावात काय कमी आहे? विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ याच शहरात बसलं आहे. कोड लिहिणारी पोरं आहेत, गोष्टी सांगणारी माणसं आहेत; दोघांची गाठ पडायला एकही मंडप नाही.

तो मंडप संमेलनांनी द्यावा. परिसंवादाचं एक सत्र गेमवर ठेवा, आणि त्यात खेळणाऱ्यांना बोलवा, खेळणाऱ्यांवर बोलणाऱ्यांना नको. एखादा छोटा, शब्दांवर चालणारा गेम मराठीत आणायचं काम अभियांत्रिकीच्या दोन पोरांना आणि एका लेखकाला वर्षभरासाठी द्या. त्याचा खर्च मांडवाच्या भाड्याहून जास्त येणार नाही. कथास्पर्धा भरवता तशी गेमच्या कथेची स्पर्धा भरवा. तिसऱ्या क्रमांकालाही बक्षीस ठेवा, तिसऱ्या क्रमांकाचं काय होऊ शकतं ते वर सांगितलंच आहे. हे सगळं करून पाहिलं आणि तरीही पोरं मराठीकडे फिरकली नाहीत, तर खुशाल बोल लावा. पहिली टाळी मी वाजवेन. पण पोरं जिथं लाखो शब्द वाचत बसली आहेत तिथं मराठीचा एक शब्दही न पाठवता, ती मराठी वाचत नाहीत म्हणून गळे काढायचा अधिकार आपल्यातल्या कुणालाच नाही.